तुम्ही विचारलेत म्हणून: स्वरलिपीचे पैसे कशाचे?

कार्यक्रम संपला की कोणीतरी मला बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारते: सूर तर सगळ्यांचेच, मग समूहगानाच्या स्वरलिपीची पीडीएफ तुम्ही विकता कशाला, आणि तीही जितके गाणारे तितक्या प्रतींचे पैसे घेऊन? चौदा वर्षे मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता एकदा नीट उत्तर देते.

पैसे सुरांचे नसतात, निर्णयांचे असतात. यमन रागातली चाल स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्यांच्या पाच रेघांच्या लिपीत, उतरवायची, तर पहिल्याच ओळीत अडते. षड्ज, म्हणजे सा, ‘सी’ धरला की यमनातल्या तीव्र, म्हणजे चढ्या, मध्यमासाठी ‘एफ’ला शार्प, म्हणजे स्वर अर्धा चढवायची खूण, लागतो. तो ओळीच्या आरंभी एकदाच लिहावा, तर पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला पियानोवादक ‘जी’ला, म्हणजे आपल्या पंचमालाच, षड्ज समजून बसतो. प्रत्येक मध्यमापाशी वेगळा लिहावा, तर तो त्या एका बारपुरताच, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या खणापुरताच, चालतो. पुढच्या बारमध्ये पुन्हा लिहावा लागतो आणि एखादा राहून जाण्याची धास्ती असते. पंडित भातखंड्यांच्या सारेगम अक्षरांच्या लिपीत मध्यमावर उभी रेघ दिली की काम झाले; पण एकाच वेळी वेगवेगळे सूर गाणाऱ्या तीन आवाजांच्या ओळी एकाखाली एक मांडल्या, की कोणाचा स्वर वर जातो आणि कोणाचा खाली, हे मुलांच्या डोळ्यांना चटकन दिसत नाही. म्हणून मी दोन्ही लिप्यांत लिहिते. श्वास कुठे घ्यायचा, अभंगातले कोणते अक्षर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचे, हे तिन्ही ओळी स्वतः गाऊन पाहिल्याशिवाय ठरत नाही. चार मिनिटांच्या रचनेला महिना सहज जातो.

यावर मला भातखंड्यांचा दाखला दिला जातो: गायकांच्या घराण्यांत जपलेल्या बंदिशी, म्हणजे रागांतल्या बांधीव रचना, त्यांनी छापून सर्वांना खुल्या केल्या. खरेच आहे, ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग नसते, तर मी काहीच शिकले नसते. पण ते भागही विकतच मिळत, आणि भातखंडे व्यवसायाने वकील होते. माझा संगीताबाहेर असा दुसरा व्यवसाय नाही. स्वरलिपीतून माझा जेमतेम तिसरा हिस्सा खर्च निघतो. उरलेला व्हायोलिनच्या शिकवण्यांतून. चित्रपटगीते केलीस तर जास्त खपतील, असेही सुचवले जाते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या रचनेचे संयोजन करायलाही परवानगी लागते, आणि शब्दांचा हक्क वेगळा असतो. म्हणून मी संतांचे अभंग घेते आणि चाल माझी लावते.

सहा वर्षांपूर्वी एका आंतरशालेय समूहगान स्पर्धेला मी श्रोता म्हणून गेले होते. निवेदिकेने अभंगाचे नाव सांगितले आणि म्हणाली, “चाल पारंपरिक.” पहिल्या दोन मात्रांतच माझी चाल मी ओळखली. तीस मुली, प्रत्येकीच्या हातात झेरॉक्स. माथ्यावर जिथे माझे नाव छापलेले असते, तिथे पांढरी पट्टी. राग आला, आणि त्याच वेळी मुली इतक्या सुरेल गात होत्या की डोळे भरून आले. दुसऱ्या अंतऱ्यात तिसरा आवाज पंचमावरून गंधाराकडे उतरला आणि मध्ये तीव्राऐवजी शुद्ध मध्यम लागला. यमन क्षणात बिलावल, म्हणजे दुसराच राग, झाला. दहाही मुलींनी तो अगदी ठामपणे लावला, कारण कागदावर तसेच होते. माझ्या पहिल्या आवृत्तीत सतराव्या बारमधला शार्प राहून गेला होता. चूक लक्षात आल्यावर मी प्रत्येक ग्राहकाला दुरुस्त प्रत पाठवली होती. ज्यांनी माझ्याकडून प्रत विकत घेतलीच नव्हती, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी?

परीक्षकांनी त्या मध्यमाचेच गुण कापले. मी मागे जाऊन त्यांच्या बाईंना भेटले, पर्समधली पेन्सिल काढून त्यांच्या प्रतीवर तो शार्प लिहिला आणि म्हटले, “ही चाल माझी आहे.” बाईंनी कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “तुमची आहे, तर मग यात चूक कशी राहिली?” त्यांच्या आवाजात खोच नव्हती, त्यांना खरोखर कळत नव्हते. शेजारी तिसऱ्या आवाजातली एक मुलगी रडत होती. नावाबद्दल, पैशांबद्दल बोलायचे ठरवून मी गेले होते. त्यांतले काहीही न बोलता परतले.

तेव्हापासून प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख आणि माझे नाव असते, म्हणजे वरचे नाव पट्टीने झाकले तरी खालचे उरावे. पण १९९४ साली व्हायोलिनचे एक अख्खे पुस्तक झेरॉक्स करून घेतलेली मुलगी मीच होते. पुस्तकाची किंमत वडिलांच्या आठवड्याच्या पगाराएवढी होती, आणि लेखक हयात होते. आपल्याकडे पैसे नव्हते, हे तिचे म्हणणे मला आजही पटते. मग त्या बाईंकडे तरी कुठे होते, असे ती विचारते तेव्हा मी गप्प बसते. ते झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहे आणि त्यावरूनच मी शिकवते.

गेल्या महिन्यात एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेने हाच अभंग बावीस मुलांसाठी मागितला. मी पैसे न घेता पाठवला. चार दिवसांनी शहरातल्या एका मोठ्या शाळेने चाळीस प्रतींचे पैसे भरले, आणि त्या शिक्षिकेला फुकट दिलेत ते आम्हाला का नाही, असे सोबत विचारले. ते पत्र अजून उत्तर न देता टेबलावर पडून आहे.