आमची वाटचाल : आण्णांची खतावणी आणि पुण्यातली दोन वर्षं

आमच्या खत-औषधांच्या दुकानाबद्दल पिंपळगाव बसवंतात दोन गोष्टी सांगतात. एक, २०१० साली इकडची द्राक्षं युरोपात अडकली ती आमच्याकडच्या औषधाच्या बाटलीमुळे. दोन, त्यातून आम्ही वर आलो ते पोरानं पुण्यात कुणा बँकवाल्याशी ओळख काढली म्हणून. पहिली साफ खोटी. दुसरीत पुणं तेवढं खरं. दोन्ही ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

दुकान १९८६ च्या दसऱ्याचं. आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मामा, दोघांची भागीदारी. भांडवल मामांचं, काउंटर आण्णांचं. खत, बियाणं, औषधं असे तिन्ही परवाने आण्णांच्या नावावर. मामांची स्वतःची थॉमसन द्राक्षाची बाग होती, त्यामुळे नवीन औषध आलं की ते आधी मामांच्या दोन ओळींवर आणि मग रॅकवर, असा रिवाज होता. जीएची, म्हणजे द्राक्षमणी फुगवायच्या संजीवकाची, पुडी न्यायला आलेल्या माणसाजवळ काचेची बाटली नसेल तर आण्णा घरची काढून देत. पुडी विरघळवायला प्लॅस्टिकच्या मगात ॲसिटोन ओतलेलं त्यांना खपायचं नाही. बाग वाढली तसे मामा भागीदारीतून बाहेर पडले. हिशेब एका संध्याकाळी झाला, वकील लागला नाही. आजकाल सख्ख्या भावांत असं होताना मी पाहिलेलं नाही.

दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे खतावणी, गिऱ्हाइकांच्या खात्यांची वही. लाल कापडी बांधणीची, उभी, दिवाळी पाडव्याला पूजा होऊन उघडली जाणारी. आण्णा गावाप्रमाणे पानं पाडत. शिरवाडे वणी, पालखेड, कारसूळ, उगाव. गावात पुन्हा वस्त्यांप्रमाणे. कडेला पेन्सिलच्या खुणा असत : एक टिंब म्हणजे बोलका माणूस, दोन टिंबं म्हणजे बोलका पण बायकोच्या हाती पैसा, फुली म्हणजे तगादा करू नका, आपोआप देतो. हे टिंबशास्त्र मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही आणि आजही ते चुकीचं आहे असं म्हणणार नाही.

मी नाशिकला बी.कॉम. केलं आणि काउंटरला लागलो. मग डोक्यात आलं, एमबीए करावं, तेही ॲग्री बिझनेसमधलं. दोन वर्षांचं. आण्णांचा प्रश्न सरळ होता : "दुकान आपलं, गिऱ्हाईक आपलं, मग डिग्री कोणाला दाखवायची?" गावाचं म्हणणं आणखी वेगळं. आपल्याकडे बी.एस्सी. ॲग्रीला मान आहे, त्याला पानावरचा डाग कळतो. एमबीएवाला म्हणजे कंपनीची बॅग घेऊन मोटारसायकलवर फिरणारा. तरी २००८ साली प्रवेश परीक्षा, गटचर्चा, मुलाखत हे सगळं पार करून पुण्यात दाखल झालो.

वर्गात निम्म्याहून जास्त कृषी पदवीधर. त्यांना माती, किडी, वाण तोंडपाठ. ताळेबंद दिसला की चेहरे पडत. माझं बरोबर उलटं. मी त्यांना नावे-जमा शिकवायचो, ते मला जमिनीचा सामू आणि अन्नद्रव्यांचं नातं. पहिल्या वर्षी विपणन, सांख्यिकी, सहकार, कृषी पतपुरवठा; मधल्या उन्हाळ्यात दोन महिने एका कंपनीत प्रशिक्षण, म्हणजे डीलरांकडे जाऊन फॉर्म भरून घेणं. दुसऱ्या डीलरांच्या गोडाऊनमध्ये काय कुजतंय ते फुकटात बघायला मिळालं, हे त्या प्रशिक्षणाचं खरं फळ. ज्यांना हा अभ्यासक्रम करायचाय त्यांनी उन्हाळी प्रशिक्षण शहरातल्या ऑफिसात घेऊ नये. तिथे एसी मिळतो, बाकी काही नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं तिथल्या सरांशी वाजायचं. पुस्तकात उधारी वसुलीचा काळ तीस दिवस, पंचेचाळीस दिवस. उदाहरणं सगळी फ्रिज नि स्कूटरची. आमच्याकडे कंपनी ऑगस्ट-सप्टेंबरात ॲडव्हान्स बुकिंगवर माल टाकते, गोडी छाटणी (फळासाठीची) ऑक्टोबरात, फवारण्या जानेवारीपर्यंत, आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो मार्च-एप्रिलात. म्हणजे माझा रुपया सहा-सात महिने कुणाच्या तरी मांडवाखाली झोपलेला. शेवटी सर म्हणाले, मग यावरच प्रकल्प कर, तुझ्याच दुकानाची उधारी घे. तो प्रकल्प नसता तर आज मी हे लिहायला दुकानात बसलेलो नसतो.

आता समोरच्याबद्दल. नाव घेणार नाही, इथल्यांना सांगायची गरज नाही. एका कंपनीत सेल्स ऑफिसर होता, दहा वर्षं आमच्याच काउंटरवर आमचाच चहा पिऊन ऑर्डर लिहून न्यायचा. कुठल्या गावात कोण किती माल उचलतो, कोण कधी पैसे देतो, आण्णांची टिंबं सुद्धा त्याला ठाऊक. मी पुण्याला गेलो त्याच दिवाळीत त्यानं नोकरी सोडून रस्त्याच्या पलीकडे शटर उघडलं. काचेचा दरवाजा, संगणकावर बिल, बी.एस्सी. ॲग्रीचं प्रमाणपत्र फ्रेम करून. आमच्या दरापेक्षा कमी दरात माल द्यायचा. तो परवडायचा कसा, हे मला पुण्यात कळलं : बिलावर तोटा आणि वर्षअखेरीला क्रेडिट नोटमधून, म्हणजे टार्गेट गाठल्यावर कंपनी खात्यात जमा करते त्या सुटीतून, भरपाई. टार्गेट पूर्ण करायला माल ढकलायचा, माल ढकलायला उधारी. नवीन दुकानदारांनो, क्रेडिट नोट हातात येईपर्यंत तिला नफा म्हणू नका.

आण्णांनी त्याला उत्तर दिलं ते त्याच्याच हत्यारानं. त्यांनीही उधारी सैल केली.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं. चक्रीवादळ कोकणात, पण पाऊस आमच्या बागांवर. नेमकी कोवळी फूट आणि फुलोऱ्यातले घड. डाउनी या बुरशीच्या रोगानं काय केलं ते त्या वर्षी ज्यांची बाग होती त्यांना विचारा. रात्री अकराला लोक शटर वाजवायचे, एकेकजण दिवसाआड फवारणी करत होता. आण्णांनी कोणालाही रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही आणि कोणाकडून पैसेही मागितले नाहीत. खतावणीची पानं संपली, जोडवही लावली.

इतकं करून ज्यांच्या बागा वाचल्या त्यांनी एक्स्पोर्टचा माल काढला. एप्रिल-मे २०१० मध्ये बातमी आली की युरोपात कंटेनर अडकले. कारण सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचं वाक्य सोडावं : एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पाच पानांवर आणि सात पानांवर ते मारायचं, वाढ आवरते, काडीत घड भरतो. सगळा तालुका वर्षानुवर्षं मारत होता. फवारणी एप्रिलची आणि द्राक्ष पुढच्या मार्चचं, त्यामुळे औषधाचा अंश उरेल असं कोणाच्या डोक्यात नव्हतं. पण ते काडीत साठून राहतं आणि तिथून पुढच्या हंगामाच्या मण्यात उतरतं. युरोपची तेव्हाची मर्यादा ०.०५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ०.०५ भाग. निर्यातीआधी आपल्याकडे अंश तपासायची जी यादी होती, तिच्यात हे नावच नव्हतं. म्हणजे शेतकऱ्याचा रिपोर्ट स्वच्छ, माल बोटीत, आणि रॉटरडॅमला पोचल्यावर फेल.

निर्यातदारांचे पैसे अडकले, त्यांनी शेतकऱ्यांचे अडकवले, शेतकऱ्यांनी आमचे. कंपन्यांकडे आमचे सहीचे कोरे चेक होते. त्यांतले दोन वटायला टाकले गेले आणि परत आले. आणि नेमकं तेव्हा समोरच्यानं चहाच्या टपरीवर उभं राहून सांगायला सुरुवात केली की सीसीसी आण्णांच्या दुकानातून गेलं. अरे बाबा, तू कंपनीत होतास तेव्हा तीच बाटली तूच आमच्या रॅकवर ठेवून जायचास! तुझ्याही दुकानात तीच होती. पण आण्णांचं वय, स्वभाव. ते उत्तर द्यायला टपरीवर गेले नाहीत. लोकांनी ते कबुलीजबाब धरलं.

मी शेवटच्या सत्रातला प्रकल्प घेऊन घरी आलो होतो. लॅपटॉप मित्राचा. खतावणी आणि जोडवही समोर घेऊन एकेक खातं एक्सेलमध्ये चढवलं. गावाप्रमाणे नाही, थकबाकीच्या वयाप्रमाणे : या हंगामातली, गेल्या हंगामातली, दोन वर्षांवरची, त्याच्याही मागची. मग दुसरा रकाना, एक्स्पोर्टवाला, लोकल बाजारवाला, कांदेवाला. आण्णांची समजूत होती की एक्स्पोर्टवाल्यांनी आपल्याला बुडवलं. आकडे वेगळंच बोलले. एक्स्पोर्टवाल्यांची बाकी मोठी होती पण ताजी होती. ही माणसं आजवर कधी चुकली नव्हती. खरी मेलेली बाकी दोन वर्षांच्या मागची, आणि तिच्यात जवळजवळ सगळे पाहुणे आणि पुढारी. आत्याच्या घरचे, दोन सोयरे, एक माजी सरपंच. आण्णांच्या वहीत यांच्या नावापुढे फुली होती : तगादा करू नका.

ती यादी मी आण्णांपुढे ठेवली त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी उठून स्वतः आत्याकडे गेले. काय बोलणं झालं ते मला आजवर सांगितलेलं नाही. त्या लग्नसराईत आमच्याकडे पत्रिका कमी आल्या, एवढं खरं. पण पैसे आले.

कंपन्यांकडे मी तेच कागद घेऊन गेलो. कोणाकडून किती, कधी येणार, तारखेनिशी. एका कंपनीच्या नाशिक ऑफिसातला साहेब म्हणाला, डीलर रडत येतात, तक्ता घेऊन येणारा पहिलाच. हप्ते बांधून मिळाले. बँकवाला वगैरे कोणी नव्हता.

आणि नाना. शिरवाड्याचे नाना दुकानाच्या पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. त्यांचा स्वतःचा माल अडकलेला. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा सोडून त्यांनी मिळेल त्या भावानं पिंपळगावच्या मार्केटात विकला, तसेच पैसे पिशवीत घालून भर बाजाराच्या दिवशी दुकानात आले आणि काउंटरवर मोठ्यानं मोजायला लागले. नोट न नोट, तोंडानं आकडा म्हणत, समोरच्याला ऐकू जाईल असं. मोजून झाल्यावर म्हणाले, "आण्णा, सीसीसी मीच मागून नेलं होतं. लिही पावती." पुढे पावसानं लाल कांदा खाल्ला आणि कांद्याचे भाव कुठल्या कुठे गेले. नाना त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आज त्यांचा नातू माल नेतो. त्याचं बिल मी स्वतः बनवतो.

निकाल लागला, कॅम्पसमधून आलेली नोकरी नाकारली, उधारीला एकरी मर्यादा घातली, रोखीचा आणि उधारीचा दर वेगळा फळ्यावर लिहिला. पुढची पाच वर्षं नीट गेली.

२०१५ साली केंद्राचा नियम आला : कीटकनाशकांच्या दुकानाला कृषी किंवा रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र वगैरे विज्ञानाची पदवी हवी. जुन्यांना दोन वर्षांची मुदत, नंतर ती वाढत गेली. माझ्याकडे बी.कॉम. आणि दोन वर्षांची ॲग्री बिझनेसची डिग्री. तालुका कृषी कार्यालयात फाईल ठेवली तर तिथले साहेब म्हणाले, यात रसायनशास्त्र कुठे आहे? शेतीच्या धंद्याची डिग्री शेतीच्या धंद्याला चालेना! समोरच्याची बी.एस्सी. फ्रेममध्ये, त्यामुळे टपरीवर पुन्हा सुरू : "एमबीएचा परवाना जाणार." शेवटी देसी केलं. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा, आपल्याकडे वनामती या नागपूरच्या शेती प्रशिक्षण संस्थेमार्फत चालणारा, कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम. अठ्ठेचाळीस आठवडे, चाळीस वर्ग, आठ शिवारफेऱ्या, तेही दुकानाच्या सुट्टीच्या वारी. बाकावर शेजारी आण्णांच्या वयाचे दुकानदार, चष्मा सांभाळत परीक्षेची तयारी करणारे. खरं सांगायचं तर कीडरोगाचं मी पुण्यापेक्षा तिथे जास्त शिकलो. पण त्या म्हाताऱ्यांना मी मधल्या सुट्टीत थकबाकीचा तक्ता शिकवला, तो देसीच्या पुस्तकात नव्हता.

२०१७ ला जीएसटी आला, बियाणं शून्य, खत पाच, औषध अठरा टक्के. पाठोपाठ खताला अंगठ्याचं ई-पॉस मशीन. तक्त्याची सवय असल्यानं आम्हाला जड गेलं नाही. लिंकिंग मात्र आजही तसंच आहे : युरिया हवा तर सोबत न मागितलेला माल घ्या. त्यावर तोडगा ना एमबीएत मिळाला ना देसीत. नवीन दुकानदारांना एवढंच सांगतो, लिंकिंगचा माल शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नका, आणि बिलावर बॅच नंबर लिहा. २०१० साली आमच्या बिलांवर बॅच नंबर होते. ती बिलं अजून माळ्यावर आहेत, ज्याला शंका आहे त्यानं येऊन बघावीत.

समोरचं दुकान आहे तिथेच आहे, चांगलं चालतं. गेल्या वर्षी त्याचा मुलगा आला. पुण्यात तोच अभ्यासक्रम करतोय, दुसरं वर्ष. काका, तुमचा प्रकल्प वाचायला मिळेल का, उधारीवरच करायचाय. पोरगं सज्जन आहे, प्रश्न नेमके विचारतं. झेरॉक्स काढून दिली. पाहुण्यांच्या नावांची पानं तेवढी काढून घेतली, आणि पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून दिलं की आधी वडिलांना क्रेडिट नोटचा हिशेब विचार.