तुम्ही विचारलंत म्हणून: बाऊलसाठी गाउज किती सुती घ्यायचा?

लेथ (लाकूड फिरवत कातायचं मशीन) घेतला, लाकूड आणलं, आता बाऊल कातायला गाउज, म्हणजे दांड्याला पन्हळ असलेलं कातायचं हत्यार, कुठल्या साइजचा घेऊ, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकतो. एकच घेणार असाल तर चार सुती घ्या, म्हणजे अर्धा इंच (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि हा अर्धा इंच दांड्याचा व्यास बरं का.

दांड्याचा हे मुद्दाम सांगतोय, कारण घोळ तिथेच होतो. अमेरिकन कंपन्या दांड्याची जाडी मोजतात आणि ब्रिटिश कंपन्यांची जुनी पद्धत पन्हळीची रुंदी मोजायची, त्यामुळे ब्रिटिश ३/८ म्हणजेच अमेरिकन १/२, बरोबर एका सुताचा फरक. नुसता आकडा बघून ऑर्डर केली तर भलताच गाउज हातात येतो, म्हणून दांडा किती जाड ते आधी विचारा.

साइज ठरवताना बहुतेक जण बाऊल केवढा आहे ते बघतात. मी बघतो गाउज टूल रेस्टच्या, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीच्या, पुढे किती जाणार ते. बाहेरची बाजू कातताना रेस्ट लाकडाला अगदी खेटून लावता येतो, तिथे तीन सुतीसुद्धा मस्त चालतो, पण आतून पोखरायला लागलं की रेस्ट मागेच राहतो आणि दांडा पुढे पुढे जात राहतो. दांडा दुप्पट बाहेर गेला की तेवढ्याच जोराला तो आठपट वाकतो, आणि जाडी चारची पाच सूत केली तर साधारण अडीचपट ताठ होतो. म्हणून माझा हिशोब असा, की रेस्टच्या पुढे चार इंचांपर्यंत चार सुती, त्याच्यापुढे पाच सुती.

हे मी एक बाऊल घालवून शिकलोय. खोल होता, तळाकडे चाललो होतो, हातात तीन सुती आणि रेस्टच्या पुढे पाचेक इंच. आधी आवाज बदलला, इतका वेळ सुर्रर्र चाललेलं ते टर्रर्र व्हायला लागलं, आतल्या भिंतीवर वाळूवर उठतात तशा बारीक लाटा दिसायला लागल्या, आणि मी मशीन बंद करायच्या आत टोक रुतलं आणि काठाला उभी चीर गेली. नंतर तसाच दुसरा ठोकळा लावून पाच सुतीने त्याच खोलीपर्यंत गेलो तर ढलपी अखंड, लांबच लांब, रिबिनीसारखी येत होती. तो टर्रर्र आवाज आला की तिथल्या तिथे थांबा, हे अगदी कळकळीने सांगतो.

मग थेट पाच सुतीच का नको? लहान लेथवर जाड ढलपी काढायला गेलात तर मोटर दमते, आणि छोट्या बाऊलच्या आत तो नीट फिरवता येत नाही. उलट भिंत पातळ झाल्यावर शेवटचे एकदोन हात मारायला तीन सुतीसारखं काही नाही, जोर कमी लागतो आणि भिंत दबत नाही. पण तो दुसरा म्हणून घ्या, पहिला म्हणून नको.

आणखी एक, तळाशी गाउज नीट कापत नसेल तर दरवेळी साइजला दोष देऊ नका. खोल बाऊलमध्ये दांडा काठाला टेकतो आणि बेव्हल, म्हणजे धारेमागचा घासलेला उतार, लाकडावर बसतच नाही, तिथे ४५ अंशांऐवजी ७० अंशांच्या आसपास घासलेला गाउज लागतो.

आणि सेटमध्ये जो रुंद स्पिंडल रफिंग गाउज (लांब दांडके गोल करायचा) येतो ना, मोठा दिसतो म्हणून तो बाऊलला कधीही लावू नका. मुठीत जाणारी त्याची शेपटी चपटी आणि बारीक असते, बाऊलमध्ये आडवी रेष आली आणि तो अडकला तर नेमका तिथेच तुटतो, आणि तेव्हा तुमचा चेहरा समोरच असतो.