गाळलेला 'म'

क्रांतीच्या नाटकांत अफ्रिकान्स नाटक कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एकांकिकेच्या शिबिरात क्रांतीच्या नाटकांवर बोलताना मी दक्षिण आफ्रिकेतल्या अफ्रिकान्स भाषेतलं नाटक काढलं की कुणीतरी म्हणतंच, "ताई, ती तर वर्णभेदवाल्यांची भाषा ना?"

प्रश्न रास्त आहे. १६ जून १९७६ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली ती याच भाषेच्या सक्तीविरुद्ध. गणितसुद्धा अफ्रिकान्समधून शिका, असा गोऱ्या सरकारचा हुकूम होता. पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यात गेलेला हेक्टर पीटरसन १२ वर्षांचा होता.

पण हीच भाषा केपमधल्या, म्हणजे केपटाऊनच्या भागातल्या, गुलामांच्या, शेतमजुरांच्या घरांतही वाढली. तिथल्या मदरशांत ती अरबी लिपीत लिहीत. ॲडम स्मॉल त्या माणसांचे लेखक. १९६५ साली त्यांचं नाटक आलं, 'कान्ना हे को हेस्तू'. म्हणजे, कान्ना घरी येतोय. चाकाच्या खुर्चीतली माकीत, तिने वाढवलेला पोरका, हुशार कान्ना. तो शिकून परदेशी जातो. इकडे घराची वाताहत होते, आणि सगळे त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. तो येतो, माकीतच्या अंत्यविधीला. मेलेली माणसं त्याच्याशी बोलू लागतात.

नाटकात कुणी बंदूक उचलत नाही. पण शीर्षक बघा. शुद्ध अफ्रिकान्समध्ये 'कोम' हवं, स्मॉल 'को' लिहितात. केपच्या वस्तीत जसं बोलतात, तसं. ज्या बोलीवर गोरे हसायचे, तिच्यात त्यांनी एका आईचं अख्खं दुःख मांडलं. मला क्रांती दिसते ती त्या गाळलेल्या 'म'मध्ये.

पुढे १९७१ला केपटाऊनमध्ये सरकारी पैशाने निको मलान नाट्यगृह उभं राहिलं. १९७५पर्यंत तिथे फक्त गोऱ्यांना प्रवेश. माकीतसारखं बोलणाऱ्या बाईला प्रेक्षकांतही जागा नाही! आणि अफ्रिकान्समधला मानाचा हर्टझोग पुरस्कार स्मॉलना मिळाला तो थेट २०१२ साली. चार वर्षांनी ते गेले. हे सांगताना अजून माझा आवाज चढतो.

गेल्या शिबिरात साताऱ्याकडच्या एका मुलीला माकीत वाचायला दिली होती. "कान्ना घरी येतोय," ती अगदी स्वच्छ म्हणाली. मी म्हटलं, तुझी आजी कशी म्हणेल? ती जराशी लाजली, वही खाली ठेवली.

"कान्ना घरला येतुया."

पुढचं सगळं वाचन तिने आजीच्याच बोलीत केलं.