तुम्ही विचारलंत म्हणून: दुचाकीला अलार्म बसवावा का?

गाडी नवी असली की हा प्रश्न ठरलेला. 'ॲक्सेसरीवाला हजार-बाराशेत अलार्म बसवून देतोय, घेऊ का?' गाडी जुनी असेल तर तोच प्रश्न शेजारच्या बिल्डिंगमधून एखादी गाडी चोरीला गेली की येतो. दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. रात्री गाडी उभी असते तिथला सायरन तुमच्या किंवा जाग्या वॉचमनच्या कानावर पडतो, गाडीला आधीपासून एक दणकट लोखंडी कुलूप आहे आणि गाडी जवळजवळ रोज चालते, असं असेल तर जरूर बसवा. यातली एक जरी अट सुटत असेल तर ते पैसे आधी कुलपावर घाला.

असं का, हे समजायला गाडी चोरीला जाते कशी ते बघावं लागेल. हँडल लॉक म्हणजे आतमधली बोटाएवढीही नसलेली एक पिन. हँडलच्या टोकाला पाय लावून जोराचा हिसका दिला की ती मोडते. पुढचं काम इग्निशनच्या कपलरचं, म्हणजे वायरींच्या प्लगसारख्या जोडाचं. आरएक्स १०० सारख्या जुन्या सीडीआय (ठिणगीचा करंट देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) गाड्यांमध्ये चावी बंद असताना इग्निशन स्विच सीडीआयची एक वायर अर्थ करून, म्हणजे चेसीला जोडून ठेवतो. ठिणगी पडत नाही ती त्यामुळे. कपलर नुसता उपटला की अर्थ सुटते आणि गाडी किकवर चालू होते. नंतरच्या डीसी सीडीआयच्या गाड्यांत बॅटरीचा करंट इग्निशनमधून पुढे जातो, तिथे दोन वायरी जोडाव्या लागतात. खूप वापरून झिजलेल्या इग्निशनला तर दुसऱ्याच गाडीची झिजलेली चावी चालते. आणि बऱ्याचदा गाडी चालूच करत नाहीत. लॉक मोडलं की एक जण वर बसतो, दुसरा मागच्या गाडीवरून पाय लावून ढकलत नेतो. बाकीचं काम दोन गल्ल्या सोडून, सावकाश. सर्वांत निर्ढावलेले लोक छोटा टेम्पो आणतात आणि गाडी उचलूनच चढवतात.

अलार्म यातलं काहीही अडवत नाही. तो फक्त हाक मारतो. म्हणून बसवण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न हा, की हाकेला येणार कोण? तळमजल्याच्या खिडकीखाली गाडी लागत असेल तर तुम्ही स्वतः याल. रेल्वे स्टेशनबाहेरच्या पे-अँड-पार्कमध्ये शे-दीडशे गाड्या खेटून उभ्या असतात. पार्किंगवाला जागा करायला गाड्या सरकवतो, दिवसभर कुठला ना कुठला सायरन वाजत असतो आणि कोणी मान वळवून बघत नाही. तिथे अलार्म वाया जातो. सातव्या मजल्यावर बंद खिडकीआड पंखा लावून झोपणाऱ्यालाही तळघरातला सायरन ऐकू येणार नाही, खोक्यावर १२५ डेसिबल छापलेलं असलं तरी.

आता खुद्द अलार्मबद्दल. खोक्यात सायरनसकट एक काळं युनिट, दोन रिमोट आणि वायरींचा एक झुपका असतो. युनिटच्या आत हादरा ओळखणारा सेन्सर असतो. तो युनिटमधेच असल्यामुळे युनिट कसं बांधलंय यावर सगळं अवलंबून. सीटखाली नुसतं कोंबलेलं युनिट आपल्याच धक्क्याने हलतं, मग कधी उगाच वाजतं, कधी वाजायला हवं तेव्हा गप्प राहतं. ते चेसीच्या नळीला दोन केबल टायनी घट्ट आवळायचं, सायरनचं तोंड खाली ठेवायचं आणि वायरींना युनिटच्या खाली एक वळसा द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी आत न शिरता वळशाच्या तळातून गळून जातं. आपल्याकडे दोन पावसाळ्यांत मरणारे अलार्म बहुतेक या एका वळशावाचून मरतात.

संवेदनशीलता कमी-जास्त करायला युनिटवर बारीक स्क्रू असतो किंवा रिमोटवर सेटिंग असतं. बसवणारा ते सहसा सर्वांत वर ठेवतो, कारण गिऱ्हाइकाला दाखवायला तेच बरं. घरी आल्यावर आधी ते खाली आणा. गाडी डबल स्टँडवर लावा, अलार्म चालू करा आणि सीटवर पंजाने थोपटा. वाजता कामा नये. मग हँडलला हिसका द्या, गाडी स्टँडवरून काढायला लागा. वाजलाच पाहिजे. या दोन्हींच्या मधली जागा सापडेपर्यंत स्क्रू थोडा थोडा फिरवायचा. त्यासाठी पंधरा मिनिटं जातात, ती द्या. गणपतीत ढोल-ताशा दारावरून जाणार असेल किंवा दिवाळीत फटाके सुरू असतील तर सेन्सर आणखी खाली आणा. दर रात्री विनाकारण वाजणाऱ्या गाडीकडे तिसऱ्या दिवसापासून सोसायटीत कोणीही बघत नाही आणि ज्या रात्री खरंच कोणी हात लावतो त्या रात्रीही बघत नाही. काही चोर मुद्दाम गाडीला लाथ मारून दूर उभे राहतात. दोन-तीनदा असं झालं की कंटाळून मालक स्वतःच अलार्म बंद करतो.

उगाच वाजण्याचा दुसरा फटका बॅटरीला बसतो. स्प्लेंडर, ॲक्टिव्हा या वर्गातल्या गाड्यांना साधारण ३ ते ४ अँपिअर-अवरची बॅटरी असते. साधा अलार्म पहाऱ्यावर असताना १० मिलीअँपिअर खात असेल तर दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर जातात. ३ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर साडेबारा दिवस पुरते, पण अर्धी उतरली की सेल्फ कुरकुरायला लागतो, म्हणजे सहाव्या दिवशी. आता अलार्म वाजताना काय होतं बघा. दहा वॅटचे चार इंडिकेटर लुकलुकतात, ते झाले ४० वॅट, म्हणजे ३.३ अँपिअर. सायरन धरून ४ म्हणू. (लुकलुकताना बल्ब निम्मा वेळ बंद असतात, तेव्हा हा हिशोब जरा कडक आहे, पण कडकच धरावा.) एका वेळी अर्धा मिनिट, असा रात्रीत वीस वेळा वाजला तर ०.६७ अँपिअर-अवर एका रात्रीत गेले. सकाळी गाडी चालू झाली नाही की दोष बॅटरीला दिला जातो. पूर्वी किक मारून वेळ निभावायची. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यात पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) दोन्ही बॅटरीवर जगतात, त्यामुळे बॅटरी पार उतरली की किक आणि धक्का बहुधा कामाला येत नाहीत. बुलेटसारखी ८ अँपिअर-अवरची किंवा मोठी बॅटरी असेल तर ही चिंता कमी. आठवडाभर गावाला जाताना मात्र अलार्मचा कपलर काढून ठेवा आणि गाडीला साखळी घाला.

तुमचा अलार्म नेमका किती खातो हे मोजता येतं. इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर घेऊन ती वायर आणि बॅटरीचं टर्मिनल यांच्या मधे लावा. अलार्म चालू करून एक मिनिट थांबा, आकडा लहान आहे याची खात्री झाल्यावर मिलीअँपिअरच्या रेंजवर या. मीटर लावलेला असताना सायरन वाजू देऊ नका आणि सेल्फला तर हातच लावू नका, मीटरचा फ्यूज जातो. २० मिलीअँपिअरच्या वर आकडा दिसला तर ३-४ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तो अलार्म ठेवू नये.

वायरिंग करणाऱ्याकडून चार गोष्टी आग्रहाने करून घ्या. लाल वायर थेट बॅटरीला जोडताना बॅटरीजवळच ५ अँपिअरचा फ्यूज हवा. तो नसेल आणि वायर सीटखाली घासून चेसीला टेकली तर चोराची गरजच उरत नाही, गाडी आपोआप जळते. कंपनीची वायर सोलून वर टेप गुंडाळणं चालवून घेऊ नका. जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवायची किंवा त्याच मापाचा कपलर घालायचा. इंडिकेटरच्या वायरी जोडल्यावर डावा इंडिकेटर देऊन बघा. उजवाही लागला तर युनिटमध्ये दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारे डायोड नाहीत. अशा वेळी अलार्मच्या इंडिकेटरच्या दोन्ही वायरी कायमच्या काढून टाका, सायरन पुरेसा आहे. आणि रिमोट स्टार्टची वायर जोडूच देऊ नका. ती थेट सेल्फला करंट देणाऱ्या स्टार्टर रिलेवर जाते, क्लच दाबलाय का, गाडी न्यूट्रलला आहे का, हे तपासणारे स्विच तिच्या वाटेत येत नाहीत. गिअरमध्ये लावलेली गाडी खिशातलं बटण दाबलं गेलं म्हणून पुढे उडी मारते, आणि तिच्यापुढे बहुधा दुसऱ्याची गाडी किंवा खेळणारं मूल असतं. टोकाला टेप लावून ती वायर बांधून टाका.

अलार्मच्या इंजिन बंद पाडणाऱ्या वायरीबद्दल माझं मत याहून कडक आहे. स्वस्त युनिटच्या आतला रिले (करंट जोडणारा-तोडणारा स्विच) धावत्या गाडीचं इंजिन तोडू शकत असेल, तर तो हायवेवर कधी बिघडेल याची खात्री देता येत नाही. करायचंच असेल तर वेगळा पाच पिनी रिले घ्यावा आणि जोड ३० व ८७ए या पिनांवर द्यावा. रिलेला करंट नसताना या पिना जोडलेल्या असतात, म्हणजे अलार्म मेला तरी इंजिन चालू राहतं. वॉरंटीतल्या इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूच्या किंवा पंपाच्या वायरीला कात्री लावायची नाही. वॉरंटी जाते आणि नंतरचा प्रत्येक बिघाड शोधायला दुप्पट वेळ लागतो.

सीडीआयच्या जुन्या गाडीला याहून सोपा उपाय आहे, आपला चोर स्विच, म्हणजे लपवलेला स्विच. डीसी सीडीआयच्या गाड्यांत इग्निशनमधून सीडीआयकडे जाणारी १२ व्होल्टची वायर लपवलेल्या एका साध्या टॉगलमधून फिरवायची. स्विच, वायर, मजुरी मिळून दोन-तीनशेत काम होतं आणि बॅटरी काहीही खाल्ली जात नाही. गाडी ढकलून नेण्यावर त्याचा इलाज नाही, चालू करून पळवण्यावर आहे. आरएक्सच्या जातीच्या गाड्यांत मात्र उलटा हिशोब: तिथे स्विचने सीडीआयची बंद करायची वायर अर्थ करावी लागते, आणि तो जोड इग्निशनच्या कपलरपाशी न करता सीडीआयजवळ करायचा, नाहीतर कपलर उपटला की तोही उपटला.

अलार्म घेताना दुकानात एक प्रश्न विचारा: रिमोटचा कोड दर वेळी बदलतो का? स्वस्त रिमोटमध्ये ठरलेला एकच कोड जातो. तो हवेतून पकडून परत पाठवणारं यंत्र स्वस्तात मिळतं. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर कोड ठरलेलाच आहे असं समजा. रिमोटचा सेल संपल्यावर पहाऱ्यावरचा अलार्म कसा बंद करायचा हेही तिथेच करून बघा, भर पावसात शोधायची ती गोष्ट नाही.

मग पैसे कुठे घालावेत? पहिले साखळीवर. प्लॅस्टिक चढवलेली तारेची केबल साध्या कटरने काही सेकंदांत तुटते, ती घेऊच नका. कडक पोलादाची, निदान ८ मिलिमीटर जाड कडीची साखळी घ्या, मागच्या चाकातून आणि चेसीतून घालून खांबाला किंवा ग्रिलला अडकवा. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका. फरशीवर टेकलेली कडी हातोड्याने फुटते, कटरचा एक दांडाही जमिनीवर टेकवून अंगाचा सगळा भार देता येतो. अधांतरी आणि ताठ असलेल्या साखळीवर तेवढा जोर बसत नाही. ढकलून नेणं आणि टेम्पोत चढवणं या दोन्हींवर चालणारा उपाय हा एवढाच.

गाडीला पुढे डिस्क असेल तर अलार्मवाला डिस्क लॉक मला वायरींच्या अलार्मपेक्षा जास्त पटतो. त्यात बहुधा सहा बटण सेल असतात, गाडीच्या बॅटरीशी आणि वायरिंगशी संबंध येत नाही, आणि हाक मारता मारता तो चाकही धरून ठेवतो. पावसाळ्याआधी सेल बदला, चिखलातून आल्यावर कुलपाचं भोक पुसा. त्याचा एकच मोठा धोका म्हणजे लॉक विसरून गाडी काढणं. लॉक जाऊन ब्रेकच्या कॅलिपरवर आदळतं, गाडी आडवी होते. सोबत मिळणारी रंगीत गुंडाळी तार लॉकपासून हँडलच्या ग्रिपपर्यंत न चुकता लावा. ड्रम ब्रेकवाल्यांनी साखळीच वापरावी.

२०२३ पासून ॲक्टिव्हाच्या एच-स्मार्ट प्रकारात कंपनीचीच स्मार्ट चावी आणि इमोबिलायझर (खऱ्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) येतो. अशा गाडीला बाहेरचा अलार्म जोडू नये, साखळी पुरे. जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गेलेली गाडी शोधायला कामाला येतो, तोही तळघरात रेंज असेल तर.

विम्यात सवलत मिळते असं दुकानदार सांगतो. सवलत आहे, पण पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेल्या आणि रीतसर प्रमाणित करून बसवलेल्या उपकरणाला, तीही ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्याच्या अडीच टक्के. तो हप्ता ८०० रुपये असेल तर २० रुपये सुटतात. यापेक्षा तुमची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी तर नाही ना, हे आज काढून बघा. थर्ड पार्टीत चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. चोरीच्या दाव्याला एफआयआर, आरसी, पोलिसांची 'अ समरी' (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही असा अहवाल) आणि गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागतात. दुसरी चावी डिकीत किंवा सीटखाली ठेवायची सवय असेल तर ती चावी आजच घरातल्या कपाटात हलवा.