थंडीच्या लाटेत धरलेली परसबाग : पौषापर्यंतची नोंद

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील आमच्या घराच्या दक्षिणेला जी मोकळी जागा आहे, तिथे यंदा मार्गशीर्षात परसबाग धरली. पालेभाज्यांसाठी विदर्भात याहून चांगले दिवस नाहीत. वाफे भिजवून मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) आणि मुळा पेरला, वटाणा टोबला, लसणाच्या पाकळ्या लावल्या, वांगी, टमाटर आणि मिरचीचे रोप टाकले आणि लगेचच उत्तरेचा वारा सुरू झाला. आपल्याकडे डिसेंबरात रात्रीचे तापमान साधारण 12–13 अंशांपर्यंत उतरते आणि तेवढी थंडी या भाज्यांना मानवते. मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वा अधिक घटले, की हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, त्यामुळे आपला प्रदेश उष्ण म्हणून बेफिकीर राहण्यात अर्थ नाही. यंदाची लाट तेवढी टोकाची नसली, तरी नुकत्याच फुटलेल्या कोंबांसाठी ती कठीणच होती.

वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा परसबागेला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे नव्याने बाग धरणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून उंचावर, झडपांच्या लाकडी पेटीत असतो, आणि आपली मेथी मात्र जमिनीला टेकून वाढते. आभाळ निरभ्र असेल व वारा पडलेला असेल, तर जमीन आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडते आणि तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा अधिक गार होते. मी एक तापमापक खुंटीला छातीच्या उंचीवर टांगला आणि दुसरा मेथीच्या वाफ्यात पानांच्या पातळीवर ठेवला. स्वच्छ, निवांत रात्रींच्या पहाटे दोहोंत तीन-चार अंशांचा फरक दिसला. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री तो जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हापासून संध्याकाळी आभाळ पाहूनच रात्रीची तयारी ठरवते.

माझे मत असे झाले आहे की, थंडीत रोपाला रात्री पांघरूण घालण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, दिवसा मातीने किती ऊन साठवले याला महत्त्व आहे. या दिवसांत आपल्याकडे दिवस अकरा तासांपेक्षा थोडा लहान असतो आणि भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की भिंतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी पडते. म्हणूनच घर उत्तरेला आणि बाग दक्षिणेला ही मांडणी मोलाची ठरली, कारण घरानेच वारा अडवला आणि उन्हाच्या आड काहीही आले नाही. वटाण्याचे वरंबे पूर्व-पश्चिम ओढून बी दक्षिणेच्या उतारावर टोबले. त्याच वरंब्याच्या उत्तर बाजूस ताडून पाहण्यासाठी लावलेले थोडे दाणे उगवले खरे, पण दक्षिणेकडचे वेल टेकूला लागल्यानंतर.

घराचा आडोसा जिथे संपतो, तिथे गेल्या हंगामातल्या तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, कूड उभा केला. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) हाताशी असूनही वापरल्या नाहीत, कारण साठवलेल्या पऱ्हाट्यांतील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते आणि आपल्या हौसेच्या बागेपायी शेजाऱ्याच्या कपाशीला घोर लावणे योग्य नाही. कूड अगदी घट्ट विणला नाही. थोड्या फटी ठेवल्या, तर वारा मंदावतो, आणि भिंतीसारखा बंद केला, तर तो वरून उसळी घेऊन पलीकडे आदळतो.

कुटाराविषयी (मळणीनंतरच्या भुशाविषयी) सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण थंडी पडली की कुटार पसरावे, असा सल्ला सरसकट दिला जातो. कुटाराच्या थराखाली ओल टिकते हे खरे. पण तोच थर दिवसा उन्हाला मातीपर्यंत पोहोचू देत नाही आणि रात्री मातीतली ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे थराच्या वरची हवा उघड्या ओल्या मातीवरच्या हवेपेक्षा अधिक गार पडते. मेथीच्या एकाच वाफ्यात अर्ध्या भागावर कुटार घालून अर्धा उघडा ठेवला होता. कडाक्याच्या रात्रीनंतर झाकलेल्या भागातील वरच्या पानांच्या कडा पांढुरक्या पडून कागदासारख्या झाल्या, तर उघड्या भागात पाने केवळ मलूल दिसली आणि ऊन चढताच सावरली. लसणावर मात्र कुटार निःशंकपणे घातले आहे, कारण गड्डा धरण्यासाठी त्याला थंडी हवीच असते.

उघडी माती ओली असेल तरच हा लाभ मिळतो, कारण कोरड्या, भेगाळलेल्या मातीत उष्णता फारशी साठत नाही आणि आपली काळी जमीन भेगाळताना कोवळी मुळेही तोडते. मात्र भारी जमिनीत थंडीच्या दिवसांत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून हात आखडताच ठेवावा लागतो. मी सकाळी उशिरा, विहिरीतून नुकतेच काढलेले पाणी देते. पहाटे विहिरीच्या तोंडाशी वाफ दिसते ती उगीच नव्हे. जमिनीखालचे पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचे राहते, आणि तेच पाणी रात्रभर छपरावरच्या टाकीत राहिले, की सकाळी हात बधिर करते. ते मुळांना देऊ नये.

वांगी, टमाटर व मिरचीच्या रोपाला सर्वाधिक जपावे लागले. त्यांच्या उगवणीला 20 ते 30 अंशांची ऊब हवी असते आणि 10–12 अंशांखाली टमाटरची वाढ जवळपास थांबते. गादीवाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या कमानी रोवून सूर्य मावळण्याआधी त्यावर जुनी सुती लुगडी टाकते आणि सकाळी ऊन आले की काढते. संध्याकाळ उलटल्यावर झाकले, तर साठलेली ऊब तोवर निघून गेलेली असते. साधा पातळ प्लास्टिकचा कागद जमिनीतून निघणारी उष्णता बरीचशी आरपार जाऊ देतो, आणि पानाला चिकटला तर ते पान हमखास करपते; म्हणून कापडच बरे. टमाटरच्या पानांची खालची बाजू आणि शिरा जांभळट झाल्या आहेत. हा रोग नव्हे. गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, त्याची ही खूण आहे. माती तापल्यावर नवी पाने हिरवी येतात, त्यामुळे वरून खत ओतण्याची घाई केलेली नाही. वाफ्याच्या एका कोपऱ्यात काही रोपे बुडाशी काळी पडून कोलमडली. तिथली माती ओढून मोकळी केली, पाणी तोडले आणि कोपरा दुपारच्या उन्हात उघडा ठेवला, तेव्हा मर पुढे सरकली नाही.

गावात काही जण पहाटे कचरा पेटवून धूर करतात. धुराचे कण इतके बारीक असतात, की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांच्याने अडत नाही. जो काही उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा आणि तिने हवा हलल्याचा, तोही अगदी जवळपास. त्यापेक्षा तो काडीकचरा खताच्या खड्ड्यात गेलेला मला अधिक आवडेल.

आजची स्थिती अशी की, मेथीचा पहिला खुडा झाला आहे, पालक हळू पण जाड पानांचा येत आहे आणि मुळा समाधानकारक आहे. सांबार बऱ्याच उशिरा उगवला. धने रगडून त्यांच्या दोन डाळी केल्या होत्या आणि रात्रभर भिजवलेही होते, तरी गार मातीत त्याला वेळ लागतोच; वाफा मोडण्याची घाई कुणी करू नये. वटाण्याला कळी धरली आहे आणि आता चिंता तिचीच आहे, कारण वटाण्याचा वेल थंडी सोसतो, पण फूल आणि कोवळी शेंग सोसत नाही. ढगाळ हवा आली तर मावा ही रस शोषणारी कीड व भुरी ही पांढरी बुरशी यांवरही लक्ष ठेवावे लागेल.

वांग्याचे रोप चार-पाच पानांवर आले, तेव्हा ते वाफ्यात हलवावे असे मनात होते. शेजारचे काकाजी कुडापाशी उभे राहून म्हणाले, “सूनबाई, एवढ्यात हलवू नको, संक्रांत होऊन जाऊ दे.” मातीतला तापमापकही तेच सांगत होता, म्हणून लागवड पुढे ढकलली. तोवर दोडका आणि काकडीचे बी जानेवारीच्या अखेरीस कागदी द्रोणांत टाकून घराच्या उबदार भिंतीलगत ठेवणार आहे, आणि भेंडी फेब्रुवारीत, रात्री उबदार झाल्यावर थेट वाफ्यात. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत आणि हलक्या जमिनीत बाग धरणाऱ्यांनी आपल्या मातीचे पहाटेचे तापमान टिपले, तर ते आमच्या काळ्या जमिनीशी ताडून पाहण्याची मला फार उत्सुकता आहे.