होकाराची मान

दूरचित्रवाणीवर एखाद्या लेखकाची मुलाखत चालू असते, मध्येच मुलाखतकाराचा चेहरा दिसतो, तो गंभीरपणे मान डोलावतो आणि लेखक पुन्हा बोलू लागतो. ती मान हलते तेव्हा समोर लेखक बसलेला असतोच असे नाही. आमच्या कार्यक्रमात तर तो बहुधा नसायचाच. बाहेरगावच्या चित्रीकरणाला एकच कॅमेरा मिळत असे. त्यामुळे आधी तो सगळा वेळ लेखकावर ठेवून मुलाखत पूर्ण करायची, मग लेखक हातपाय धुवायला आत गेले की कॅमेरा उलट बाजूला मांडून मुलाखतकाराचे प्रश्न पुन्हा विचारून घ्यायचे, आणि शेवटी दोन-तीन मिनिटे त्याने रिकाम्या खुर्चीकडे, किंवा तिथे बसवलेल्या कॅमेरा अटेंडंटकडे पाहून नुसते ऐकल्याचे भाव द्यायचे: होकाराची मान, विचारात पडलेली मान, किंचित स्मित, उंचावलेली भुवई. याला आमच्याकडे ‘नॉडी’ म्हणतात. लेखकाचे मधले एखादे वाक्य कापले की चित्र उडी मारते, आणि ती उडी झाकण्यासाठी नॉडी लागते. मी ज्या प्रसंगाविषयी लिहीत आहे त्यातली मान तीन सेकंदांची होती.

२००८ साली मी एका मराठी वाहिनीसाठी ललितेतर पुस्तकांवरचा साप्ताहिक कार्यक्रम करत होते. वाहिनीच्या लेखी तो इज्जतीसाठी ठेवलेला कार्यक्रम होता, म्हणजे वार्षिक अहवालात त्याचा फोटो येई आणि कॅमेरे वाटताना त्याचा क्रमांक शेवटचा लागे. नियमाप्रमाणे एका तासात १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत. शीर्षकसंगीत आणि निवेदन वजा जाता अर्ध्या तासात माझ्या हाती २२ मिनिटे उरत. चारशे पानांचे पुस्तक, पन्नास मिनिटांचे बोलणे आणि २२ मिनिटांचा कार्यक्रम या तिन्हींचा मेळ घालणे हेच माझे काम होते, आणि मी ते चांगले करते असा माझा समज होता.

त्या खेपेचे पुस्तक १९७२च्या दुष्काळातील कामांविषयी होते. लेखक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, दुष्काळात नुकतेच ओव्हरसियर झालेले, राहायला विट्याला. दुष्काळावर लिहिणारे बहुतेक लोक वरून खाली पाहतात. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला होता, रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, असा तो क्रम असतो. हे सगळे त्या पुस्तकातही होते, पण पाच-सहा पानांत. उरलेले पुस्तक टेप घेऊन खडीच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या माणसाचे होते. फोडलेल्या खडीची लांबी, रुंदी, उंची मोजायची, १०० घनफुटांचा एक ब्रास याप्रमाणे हिशेब करायचा, तो मोजमाप पुस्तकात, म्हणजे ‘एमबी’त, चढवायचा आणि खाली सही करायची. त्या आकड्यावर टोळीचा आठवड्याचा पगार ठरे. कायदा विधिमंडळात झाला, परंतु घरी धान्य किती गेले ते या वहीतल्या आकड्याने ठरवले, असे लेखकाचे म्हणणे होते, आणि ते मला आजही पटते.

आमच्या मुलाखतकाराने पुस्तक वाचलेले नव्हते. हे मी रागाने लिहीत नाही, कारण तो कधीच वाचत नसे आणि त्याचा आवाज व चेहरा प्रेक्षकांना आवडत असे. विट्याला जाताना त्याने गाडीत मलपृष्ठावरचा मजकूर दोनदा वाचला आणि मी लिहिलेले चौदा प्रश्न हातात घेतले. सूज्ञ दिसणे हीसुद्धा एक कला आहे, आणि ती त्याला अवगत होती.

लेखकांची बैठकीची खोली दक्षिणमुखी होती. खिडकीतले ऊन दर अर्ध्या तासाला फरशीवर हातभर सरकत होते, म्हणून आम्ही खिडकीला ट्रेसिंग पेपर लावला आणि उजव्या बाजूने थर्माकोलवरून दिवा मारला. पंखा बंद केला. फ्रीजचे बटण बंद केले आणि निघताना ते चालू करायचे विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रीजवर ठेवली; ही युक्ती मला एका जुन्या ध्वनिमुद्रकाने शिकवली होती. फक्त स्वयंपाकघरात काकूंनी आमच्यासाठीच वरणभाताचा कुकर चढवला आहे, हे कुणाच्या लक्षात आले नाही.

सर फार छान बोलले. वरळीच्या मनोऱ्यावरून मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा आपण एका पाझर तलावाच्या भरावावर होतो आणि ही बातमी चार दिवसांनी शिळ्या वर्तमानपत्रात वाचली, असे ते म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे बोट करून हसले. आमच्या डीव्हीकॅम कॅसेट ४० मिनिटांच्या असत. अडतिसाव्या मिनिटाला कॅमेरामनने मला दोन बोटे दाखवली, म्हणजे दोन मिनिटे उरली, आणि नेमके त्याच वेळी सर म्हणाले, “मोजमाप पुस्तकात मी खोटे आकडे लिहिले. वर्षभर लिहिले. सही माझीच आहे.” मग त्यांनी ते का लिहिले हे सांगायला सुरुवात केली आणि कुकरची शिट्टी झाली. त्यानंतर आणखी दोन झाल्या. एरवी मी हात वर करून “सर, एकदा पुन्हा घेऊ या” म्हटले असते. त्या दिवशी कॅसेट संपत आली होती, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की हात वर करणे मला अशिष्टपणाचे वाटले. नवी कॅसेट लावल्यावर मी मुलाखतकाराला चिठ्ठी दिली, त्याने “आज मागे वळून पाहताना काय वाटते?” असे विचारले, आणि सरांनी एका वाक्यात उत्तर दिले: “त्याची लाज मला आजही वाटत नाही.”

जेवण झाल्यावर नॉड्या घेतल्या. सर अंगणात आमच्या ड्रायव्हरशी बोलत होते, खुर्चीवर अटेंडंट बसला होता.

एडिटची एक पाळी आठ तासांची, आणि मला दोन मिळाल्या होत्या. चोपन्न मिनिटांची बत्तीस झाली, बत्तिसाची सव्वीस झाली, आणि शेवटची चार मिनिटे काढताना नेहमीप्रमाणे रक्त निघू लागले. संकलक म्हणाला की शिट्ट्यांचा भाग तांत्रिक तपासणीत अडकेल, आणि ते खरे होते. शिट्टी वाक्यांवरच बसली होती, ती काढली तर शब्दही जात होते. मग आम्ही पहिल्या कॅसेटमधील “सही माझीच आहे” इथे कट मारला, दुसऱ्या कॅसेटमधील “त्याची लाज मला आजही वाटत नाही” हे वाक्य त्याला जोडले, मधल्या काळात ऊन सरकल्यामुळे सरांच्या चेहऱ्याचा उजेड बदलला होता तो सांधा झाकायला तीन सेकंदांची नॉडी टाकली, आणि तिच्याखाली खोलीचा रिकामा आवाज पसरून दिला. सांधा इतका सुरेख जमला की संकलकाने तो मला दोनदा चालवून दाखवला.

त्या रात्री ते वाक्य मी निदान वीस वेळा ऐकले असेन, आणि एकदाही मला त्यात काही कमी आहे असे वाटले नाही, याचे कोडे मला अजून पूर्ण सुटलेले नाही. पुस्तकातले ते प्रकरण मी तीनदा वाचले होते, शिट्ट्यांसकट त्यांचे बोलणे समोर बसून ऐकले होते, टाइमकोडसह वहीत उतरवून घेतले होते. त्यामुळे कापलेला भाग माझ्या कानात आपोआप वाजत होता, आणि संकलकाच्या कानात तो माझ्यामुळे वाजत होता. आमच्यापैकी पुस्तकाविषयी काही न जाणणारा एकच माणूस होता, आणि त्याने हा कट पाहिला असता तर तो कदाचित म्हणाला असता की हा माणूस सरकारी पैसा खाल्ल्याचे सांगतो आहे आणि वर लाज वाटत नाही म्हणतो आहे. परंतु तो आपले कार्यक्रम एडिटमध्ये येऊन कधी पाहत नसे.

कार्यक्रम रविवारी सकाळी लागला. सोमवारी कार्यालयात “एवढे धाडसी कबुलीजबाब आपल्याकडे कधी येत नाहीत” म्हणून माझे कौतुक झाले, आणि त्या शब्दाने मला पहिल्यांदा घाम फुटला. मंगळवारी सरांचा फोन आला. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघांनी बोलणे सोडले होते आणि बाजारात कुणीतरी “किती ब्रास खाल्ले?” असे विचारले होते. हे त्यांनी तक्रार म्हणून नव्हे, तर कामाचा अहवाल द्यावा तसे सांगितले.

“मॅडम, तुम्ही मला चोर केलंत असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “आकडे खोटे होतेच. पण मला एवढंच विचारायचंय, की ते साहेब मान कशाला हलवत होते? मी ते सांगत होतो तेव्हा ते मांडीवरचा कागद वाचत होते. मला दिसत होतं.”

मी त्यांना नॉडी म्हणजे काय ते समजावून सांगितले. एक कॅमेरा, रिकामी खुर्ची, सांधा, सगळे सांगितले. त्यांनी ते अभियंत्याच्या लक्षपूर्वकतेने ऐकले, आणि म्हणाले, “म्हणजे ढीग नऊचा, लिहिला दहा.”

तुलना मला तेव्हा अन्यायाची वाटली. त्यांचा दहावा ब्रास कुणाच्या तरी पोटात गेला होता. माझी मान कुणासाठी होती हे मात्र मला फोनवर सांगता आले नाही.

गुरुवारी रात्री पुनःप्रक्षेपण होते. शिट्ट्यांसकट तो भाग घालायचा, तपासणीवाल्यांशी भांडायचे आणि त्याऐवजी दुसरे काहीतरी काढायचे, असे ठरवून मी कॅसेट मागायला वाहिनीच्या कॅसेट-ग्रंथालयात गेले. आमच्याकडे कार्यक्रम लागला की रशेसच्या, म्हणजे न कापलेल्या मूळ चित्रीकरणाच्या, कॅसेट पुन्हा वापरायला जात, कारण नवी कॅसेट मागायला तीन सह्या लागत आणि जुनी मागायला एकही लागत नसे. पहिल्या कॅसेटवर सोमवारी दुपारीच एका पाककृती कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले होते. वरिष्ठांनी सुचवले की पडद्यावर खाली दोन ओळींचा खुलासा द्यावा. कायदेशीर नोटीस आलेली नसताना त्याहून जास्त काही करणे म्हणजे चूक कबूल करणे होईल, असे त्यांचे मत पडले. सरांना विचारले तर ते म्हणाले की पट्टी कुणी वाचत नाही, त्यापेक्षा कार्यक्रम पुन्हा लावूच नका. मी पुन्हा चित्रीकरणाला येते म्हणाले. त्यावर “एकदा सांगून झालंय” एवढेच उत्तर मिळाले. गुरुवारी आम्ही दुसऱ्याच पुस्तकाचा जुना भाग दाखवला.

काही वर्षांनी अमेरिकेतील सी-स्पॅन या वाहिनीचे संग्रहातील कार्यक्रम इंटरनेटवर पाहायला मिळू लागले, तेव्हा ब्रायन लँब यांचा ‘बुकनोट्स’ मी रात्री जागून पाहिला. १९८९ ते २००४ या काळात ८०१ भाग, दर खेपेला एक लेखक आणि एक ललितेतर पुस्तक, मध्ये जाहिरात नाही, मागे काळा पडदा, आणि पुस्तक स्वतः वाचून आलेला, छोटे व कधीकधी अगदी बाळबोध प्रश्न विचारणारा मुलाखतकार. त्याच वाहिनीसमूहाने १९९८ मध्ये सी-स्पॅन २ वर शनिवार-रविवार केवळ अशाच पुस्तकांना देऊन टाकले. पहिल्या दोन रात्री मला ते कंटाळवाणे वाटले आणि आमच्या एडिटचा अभिमानही वाटला. नंतर लक्षात आले की लँब बहुतेक वेळा मान हलवतच नाहीत. लेखक बोलत असतो आणि ते चेहऱ्यावर काहीही न दाखवता ऐकत असतात, त्यामुळे बोलणाऱ्याला आपले म्हणणे पटले की नाही हे कळत नाही आणि तो आणखी स्पष्ट करून सांगतो. अर्थात त्या वाहिनीचा खर्च केबल कंपन्या वर्गणीतून उचलतात आणि तिथे २२ मिनिटांचा खोका नाही, हे मला ठाऊक आहे; त्यामुळे ही तुलना मी वाहिनीच्या बैठकीत कधी केली नाही. कार्यक्रमासाठी दुसरा कॅमेरा मात्र मागत राहिले. तो मिळाला त्या वर्षी कार्यक्रम बंद झाला.

माझी वही अजून आहे. आवाज पुसला गेला असला तरी पहिल्या कॅसेटवरचे ३८ मिनिटे १० सेकंदांपासून ३९ मिनिटे १४ सेकंदांपर्यंतचे बोलणे मी तिच्यात उतरवलेले आहे, आणि त्या रविवारी जे दाखवायला हवे होते ते असे:

“म्हातारी माणसं यायची, त्यांना घण उचलत नव्हता. (शिट्टी) बाळंत होऊन पंधरा दिवस झालेली बाई यायची, मूल सावलीला ठेवून नुसती बसायची. हजेरीला नाव असलं तरी पगार ढिगावर. मग टोळीची खडी नऊ ब्रास भरली की मी दहा लिहायचो. दहावा ब्रास त्या बसलेल्यांचा. (शिट्टी) टोळीच्या वाट्यातनं काही जात नव्हतं, त्यामुळं कुणी बोललं नाही. एकदा मोठे साहेब तपासायला आले. ढिगाकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, खडी खाली बसलेली दिसते. मी म्हटलं, होय साहेब, पावसानं. (शिट्टी) पाऊस कुठला त्या वर्षी. त्यांनी सही केली आणि गेले.”

शेजारी समासात माझ्याच अक्षरात लिहिले आहे: ‘ध्वनी खराब, शक्यतो टाळावे.’