रापणीची पाच चित्रं बोलोन्याला पाठवताना

मुलांच्या पुस्तकांसाठीचे मोठे आंतरराष्ट्रीय पुरस्कार म्हटले की पहिलं नाव येतं हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्काराचं. तिथे आपण स्वतः अर्ज करू शकत नाही. ‘इब्बी’ ही मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था तो दर दोन वर्षांनी देते, लेखकाला १९५६ पासून आणि चित्रकाराला १९६६ पासून. नाव इब्बीच्या त्या त्या देशातल्या शाखेनेच सुचवायचं असतं. स्वीडनच्या लिंडग्रेन पुरस्कारालाही स्वतः अर्ज करता येत नाही, नाव ठरलेल्या संस्थांनीच सुचवायचं असतं. पुस्तक छापून झालं नसेल तर स्वतः ठोठावता येणारं दार म्हणजे इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यातलं चित्रप्रदर्शन. ते पुरस्कार नव्हे, निवड आहे. पण तिथे प्रकाशक येतात, आणि नवख्याला तेच हवं असतं.

चित्रं पाचच लागतात, एकाच विषयावरची, आणि ती स्कॅन करून ऑनलाइन पाठवायची. आपली सर्वांत चांगली पाच सुटी चित्रं जोडून देणं ही नेहमीची चूक. मी रापण घेतली, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी जाळं ओढून केलेली मासेमारी. ती कधीच न पाहिलेल्या माणसाला शब्दांवाचून कळायला हवी, म्हणून दुसरं चित्र माडावरून खाली पाहिल्यासारखं काढलं: अर्धगोल जाळं, दोन दोर, दोन्हीकडे ओढणारी माणसं. त्या एका चित्रामुळे उरलेली चार उलगडतात.

खरा त्रास कागदाचा. वेंगुर्ल्यात जुलैत ३०० जीएसएमचा जाड कागदही ओल धरतो. मग रंग कुठे पटकन शोषला जातो, कुठे वरच तरंगतो. कोरे कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेल घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवते. वाकलेलं चित्र स्कॅनरच्या काचेला टेकत नाही, कडा धूसर येतात. ते मागून किंचित ओलसर करून दोन टिपकागदांत घालायचं, वर प्लायवूड आणि पाटा. टिपकागद सकाळ-संध्याकाळ बदलले नाहीत तर बुरशी आलीच.

ए-थ्री स्कॅनरची काच २९.७ × ४२ सेंमी असते, म्हणून चित्र २८ × ४० च्या आत ठेवते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण ३३०० × ४७०० पिक्सेल मिळतात. घरांचे नकाशे स्कॅन करणारं रोलरचं मशीन नको, कागद मुडपून ओढला जातो आणि जाड रंगाला तडे जातात. स्कॅन करणाऱ्याला ‘ऑटो करेक्शन’ (रंग आपोआप बदलणं) बंद करायला सांगा, नाहीतर वाळूचा फिकट पिवळा पांढराफटक होतो. मूळ फाइल टिफमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात) ठेवा, जेपेग त्यातूनच काढा.

चित्रं पाठवायची शेवटची वेळ इटलीची असते: हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. त्या तासांवर विसंबू नका. आमच्याकडे परतीच्या पावसात गडगडलं की वीज जाते, मग नेटही. मी दोन दिवस आधीच अपलोड करते. फाइलींना रोमन अक्षरांत नाव आणि १ ते ५ क्रमांक देते, म्हणजे क्रम चुकून जाळं ओढण्याआधीच मासे दिसत नाहीत.